संस्थेची साइट सुगम्य करून घेतली, तरी त्याच तक्रारी परत येतात: मराठी साइटवर नेमकं काय बिघडतं आणि कुठे दुरुस्त करायचं

साइट सुगम्य, म्हणजे दिव्यांगांनाही वापरता येईल अशी, आहे का याचं ऑडिट झालं, विकासकाने दुरुस्त्या केल्या, लाइटहाउस या स्वयंचलित चाचणीत १०० पैकी ९८ गुण आले. काही महिन्यांत अंध देणगीदाराचा फोन येतो: ‘पान उघडतंय, पण देणगी भरता येत नाहीये.’ कोणीतरी एखादं बटण नीट करतं आणि पुढचं शिबिर जाहीर झालं की तोच फोन पुन्हा येतो. सेवाभावी संस्थांच्या साइटवर हा प्रकार सर्रास घडतो. २०११ च्या जनगणनेनुसार एकट्या महाराष्ट्रात सुमारे २९.६ लाख दिव्यांग व्यक्ती होत्या. त्यांच्यात देणगीदार आहेत, स्वयंसेवक आहेत आणि संस्थेची मदत ज्यांना हवी आहे तेही आहेत.

तक्रार परत येते याचं कारण साधं आहे. दुरुस्ती कोडमध्ये होते, बिघाड मात्र बहुतेक वेळा रोज चढणाऱ्या मजकुरात असतो. शिवाय स्वयंचलित चाचणीला मराठी वाचता येत नाही. चित्राला पर्यायी मजकूर, म्हणजे चित्राऐवजी ऐकू येणारं वर्णन, आहे की नाही एवढं ती सांगते. त्या मजकुरात ‘आयएमजी २०३४’ लिहिलंय की खरं वर्णन, हे तिला कळत नाही. म्हणून खाली तक्रारी जशा कानावर येतात तशाच घेतल्या आहेत.

आधी स्वतः ऐका

विंडोजवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारा प्रोग्राम, मोफत मिळतो. तो चालू करून इन्सर्ट + एन दाबा, प्रेफरन्सेसमधून सेटिंग्ज, तिथे स्पीच, आणि ईस्पीक एनजीचा मराठी आवाज निवडा. मग त्याच मेनूतल्या टूल्समधून स्पीच व्ह्यूअर उघडा. स्क्रीन रीडर जे बोलतो ते या खिडकीत अक्षरांत उमटतं, त्यामुळे यांत्रिक आवाजाची सवय नसलेल्यालाही चूक पकडता येते. आता माउस बाजूला ठेवा. एच दाबत राहिलं की शीर्षकं येतात, टॅबने लिंक आणि बटणं, एफने फॉर्ममधल्या जागा, आणि इन्सर्ट + एफ७ ने पानावरच्या लिंक आणि शीर्षकांची पूर्ण यादी. यादीत ‘अधिक वाचा, अधिक वाचा, अधिक वाचा’ असंच दिसत असेल तर पहिली दुरुस्ती तिथेच सापडली. लिंकच्या मजकुरातच विषय घाला: ‘नेत्रतपासणी शिबिराची माहिती’.

अँड्रॉइड फोनवर टॉकबॅक हा स्क्रीन रीडर असतो. त्याचा शॉर्टकट चालू असेल तर आवाजाची दोन्ही बटणं काही सेकंद दाबून तो सुरू होतो. गुगलच्या आवाजात मराठी आहे. मुखपृष्ठापासून देणगीच्या पावतीपर्यंतचा सगळा रस्ता फोनवर एकदा पडद्याकडे न बघता पार करा. बाकी कुठल्याही चाचणीपेक्षा यातून जास्त कळतं.

तक्रार: ‘मराठी दिसतं म्हणतात, पण मला नुसती इंग्रजी अक्षरं ऐकू येतात’

हा जुन्या फॉन्टचा प्रकार. कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर संगणकाच्या लेखी मराठी नसतोच. आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, फॉन्ट त्यांना फक्त देवनागरी आकार देतो. डोळ्यांना ‘महाराष्ट्र’ दिसतं, स्क्रीन रीडरला ई, जी, के, जे अशी ओळ मिळते. हाच मजकूर गुगलवरही सापडत नाही, म्हणजे नुकसान फक्त अंध वाचकांचं नाही.

ओळखायची युक्ती: पानावर जो शब्द डोळ्यांना दिसतोय तो युनिकोड मराठीत (म्हणजे फोनवर टाइप होते तशा, सगळीकडे चालणाऱ्या मराठीत) कंट्रोल + एफ करून शोधा. सापडला नाही, तर मजकूर एकतर जुन्या फॉन्टमधला आहे किंवा तो चित्र आहे. माउसने निवडून नोटपॅडमध्ये चिकटवा. तिथे इंग्रजी कचरा आला तर फॉन्ट, काहीच निवडता आलं नाही तर चित्र.

रूपांतर करणारी साधनं भरपूर आहेत, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नका. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात: पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी, रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा असतो, म्हणजे बरोबर उलटा. त्यामुळे रूपांतरात मार बसतो तो नेमका पहिल्या वेलांटीला, रफाराला आणि रफारावर अनुस्वार आला की दोघांना. ‘सर्वांना’, ‘कार्यकर्त्यांची’, ‘विद्यार्थ्यांसाठी’ असे शब्द वेगळे शोधून तपासा. दुसरा सापळा म्हणजे मूळ फाइलमधले इंग्रजी शब्द, इमेल पत्ते आणि वेब पत्ते. ते साध्या फॉन्टमध्ये असतात आणि रूपांतर करणारं साधन त्यांनाही देवनागरीत ओढून त्यांचा चुथडा करतं. असे तुकडे आधी बाजूला काढा, उरलेल्या मजकुराचं रूपांतर करा, मग ते परत जागेवर ठेवा. आकडे शेवटी मूळ प्रतीशी एकेक करून ताडून पाहा, विशेषतः फोन नंबर आणि रकमा.

वार्षिक अहवालाची पीडीएफ ही याच दुखण्याची मोठी आवृत्ती. छापखान्यातून आलेली फाइल जशीच्या तशी चढवली जाते आणि ती एकतर जुन्या फॉन्टमधली असते किंवा स्कॅन केलेली. युनिकोड फॉन्टमधल्या पीडीएफमध्येही देवनागरी जोडाक्षरं आणि वेलांट्या वाचताना विस्कटतात, म्हणून मराठी पीडीएफवर कधीच पूर्ण भरवसा ठेवू नये. अहवालाचा मजकूर साध्या वेब पानावर द्या आणि पीडीएफ छापण्यासाठी सोबत ठेवा. मूळ फाइल हरवली असेल तर पीडीएफ गुगल ड्राइव्हवर चढवून गुगल डॉक्समध्ये उघडा, किंवा टेसरॅक्ट हा चित्रातली अक्षरं ओळखणारा प्रोग्राम मराठी भाषेसह चालवा. दोन्हींतून मजकूर मिळतो, पण मुद्रितशोधन करावंच लागतं. वर्डमधून पीडीएफ करायचीच असेल तर सेव्ह अ‍ॅज वापरा आणि पर्यायांत रचनेच्या टॅगची खूण ठेवा. ‘प्रिंट’ करून काढलेल्या पीडीएफमध्ये शीर्षकं आणि तक्त्यांची रचना पुसली जाते.

तक्रार: ‘आवाज गप्प बसतो, नाहीतर भलतंच काही म्हणतो’

मजकूर युनिकोड आहे, पण पानाची भाषा चुकीची नोंदवली आहे. एचटीएमएलच्या सुरुवातीच्या टॅगमध्ये लँग नावाची नोंद असते. तयार थीममध्ये ती इंग्रजीची असते आणि कोणी बदलत नाही. स्क्रीन रीडर ती नोंद वाचून इंग्रजी आवाज लावतो आणि त्या आवाजाला देवनागरी येत नसेल तर पुढचं सगळं गडप. मराठीसाठी योग्य नोंद ‘एमआर’ आहे, लहान लिपीत. ‘एमएच’ किंवा ‘मराठी’ असा पूर्ण शब्द चालत नाही. वर्डप्रेसमध्ये सेटिंग्ज, जनरल, साइट लँग्वेज इथे मराठी निवडलं की बहुतेक थीम ही नोंद आपोआप करतात. निवडल्यावर पानाचा सोर्स उघडून खात्री करा. साइट दोन भाषांत असेल तर प्रत्येक पानाची नोंद वेगळी. मराठी पानात इंग्रजीचा परिच्छेद आला तर त्या परिच्छेदाच्या टॅगवर ‘ईएन’ लावा. ‘कॅम्प’, ‘ट्रस्टी’ असे देवनागरीत लिहिलेले शब्द मराठीच समजायचे, त्यांना काही लावू नका.

तक्रार: ‘शिबिर कधी आहे तेच कळलं नाही’

कारण तारीख, वेळ, ठिकाण सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेल्या पोस्टरमध्ये आहे आणि पोस्टर म्हणजे एक चित्र. पोस्टर ठेवा, पण त्याच्याखाली तीच माहिती मजकुरात द्या: तारीख, वार, वेळ, पूर्ण पत्ता, जवळची खूण, फोन, आणि जिना आहे की उतार. मग चित्राच्या पर्यायी मजकुरात ‘शिबिराचं पोस्टर, तपशील खाली’ एवढं पुरे. सगळं पोस्टर पर्यायी मजकुरात कोंबणं चुकीचं. तिथे शीर्षकं नसतात, लिंक नसतात आणि फोन नंबर कॉपी करता येत नाही.

शोभेच्या चित्रांना पर्यायी मजकूर रिकामा ठेवा, पण अ‍ॅट्रिब्यूट काढून टाकू नका. ते नसेल तर काही स्क्रीन रीडर फाइलचं नाव वाचतात. चित्र स्वतःच लिंक असेल तर मजकूर कधीच रिकामा नको. बोधचिन्हाला ‘संस्थेचं नाव, मुखपृष्ठ’ असं लिहा.

लाभार्थींच्या छायाचित्रांचं वर्णन लिहिताना जे दिसतं तेच लिहा. ‘तीन मुली ब्रेल पाटीवर लिहीत आहेत’ हे वर्णन झालं. ‘असहाय मुली’ हे चित्रात कुठेही नाही, आणि ऐकणारी व्यक्ती त्या मुलींपैकीच एक असू शकते.

तक्रार: ‘देणगीच्या पानावर अडकतो’

इथे वेळ द्या. संस्थेचं खरं नुकसान इथेच होतं आणि चुकाही एकात एक गुंतलेल्या असतात.

रकमेची बटणं. ₹५००, ₹१०००, ₹२५०० अशा चौकटी दिसतात आणि निवडलेली चौकट रंगाने कळते. आत बहुतेक वेळा नुसते डिव्ह, म्हणजे बटण नसलेले साधे एचटीएमएल चौकोन, असतात, त्यामुळे टॅब तिथे थांबतच नाही. थांबला तरी काय निवडलंय ते ऐकू येत नाही. खरी रेडिओ बटणं आणि लेबल वापरा, चौकटीचं रूप सीएसएसने (रूप ठरवणाऱ्या कोडने) द्या आणि सगळ्यांना फील्डसेट या गटाच्या टॅगमध्ये घालून ‘देणगीची रक्कम’ असं लेजंड, म्हणजे गटाचं नाव, लावा.

लेबल. ‘आपले नाव’ हे जागेच्या आत फिकट अक्षरांत लिहायची पद्धत बंद करा. लिहायला लागलं की ते नाहीसं होतं, आणि विसरायचा त्रास असलेल्या किंवा भिंगाने पाहणाऱ्या माणसाला मागे जाऊन वाचता येत नाही. लेबल वर, कायम दिसणारं, आणि कोडमध्ये फॉर आणि आयडीने जागेशी जोडलेलं असावं.

मराठी नावं आणि मराठी अंक. ही गोष्ट इंग्रजी मार्गदर्शिकांत सापडत नाही. फॉर्म मराठी, कीबोर्ड मराठी, तरी नाव टाकलं की ‘अवैध नाव’. कारण तपासणीत फक्त इंग्रजी अक्षरं चालतात. ती बदलून युनिकोडचा ‘अक्षर’ वर्ग टाकला तरी भागत नाही: क, म त्यात येतात, पण काना, वेलांटी, अनुस्वार आणि पाय मोडायची खूण ‘चिन्ह’ वर्गात मोडतात. दोन्ही वर्ग हवेत. शिवाय ‘कुऱ्हाडे’मधला चंद्रकोरीसारखा र काही कीबोर्ड अदृश्य जोडखूण वापरून उमटवतात, ती खूणही चालली पाहिजे. सगळ्यात बरं म्हणजे नावाची तपासणी काढूनच टाका, रिकामं नाही ना एवढं पाहा.

मोबाइल आणि पिनकोडच्या जागेत कोणी ‘४११०३०’ असं देवनागरीत लिहिलं की जावास्क्रिप्टची अंकतपासणी ते नाकारते, कारण तिच्या लेखी अंक म्हणजे फक्त इंग्रजी अंक. जागेचा प्रकार ‘नंबर’ ठेवू नका. ‘टेल’ ठेवा, किंवा ‘टेक्स्ट’ ठेवून अंकांचा कीबोर्ड मागा. पाठवण्याआधी कोडमध्येच अंक बदलून घ्या: देवनागरी अंकाच्या युनिकोड क्रमांकातून २३५८ वजा केले की इंग्रजी अंकाचा क्रमांक मिळतो. बोलून टाइप करणाऱ्यांना याचा मोठा उपयोग होतो. पॅन लहान लिपीत आला तर आपणच मोठ्या लिपीत करा, मोकळ्या जागा काढा.

चूक सांगणं. जागेभोवती लाल चौकट उमटते आणि वर कुठेतरी ‘कृपया माहिती तपासा’. ऐकणाऱ्याला यातलं काहीच पोचत नाही. त्याला वाटतं बटणच चालत नाही. चूक सांगणारा मजकूर त्या जागेशी एरिया-डिस्क्राइब्डबाय या स्क्रीन रीडरसाठीच्या नोंदीने जोडा, जागेवर एरिया-इनव्हॅलिड लावा आणि फोकस, म्हणजे कीबोर्ड जिथे काम करतो ते ठिकाण, पहिल्या चुकलेल्या जागेवर न्या. मजकुरात उपाय सांगा: ‘पॅन १० अक्षरांचा असतो: ५ अक्षरं, ४ अंक, १ अक्षर.’ भरलेलं काहीही पुसू नका.

कॅप्चा. वाकडीतिकडी अक्षरं किंवा चित्रं निवडायला लावणारा कॅप्चा काढा. आवाजाचा पर्याय दिला तरी ज्यांना दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही त्यांची वाट बंदच राहते. बहुतेक विकासक त्याऐवजी फसवी जागा ठेवतात, म्हणजे माणसाला न दिसणारी आणि यंत्राने भरली की अर्ज बाद करणारी. ती पडद्याबाहेर ढकलून लपवली असेल तर स्क्रीन रीडर ती वाचतो, माणूस प्रामाणिकपणे भरतो आणि त्याचाच अर्ज गुपचूप बाद होतो. ती डिस्प्ले नन करून लपवा, ऑटोकम्प्लीट बंद ठेवा, आणि एका इंटरनेट (आयपी) पत्त्यावरून किती वेळा अर्ज येतो यावर सर्व्हरवर मर्यादा घाला.

पेमेंट गेटवे. पैसे भरायची ही खिडकी आपल्या हातात नसते, पण तिच्या आधीचं आणि नंतरचं असतं. गेटवे ज्या आयफ्रेममध्ये, म्हणजे पानातल्या पानात, उघडतो त्याला शीर्षक द्या. खिडकी उघडली की फोकस आत जातो का, बंद केली की परत ‘देणगी द्या’ बटणावर येतो का, हे टॅबने तपासा. गेटवेला वेळेची मर्यादा असते आणि बँकेचा ओटीपी शोधून परत येईपर्यंत ती संपते. म्हणून नाव, पत्ता, पॅन सगळं आधी आपल्या पानावर घेऊन साठवा, गेटवेत फक्त पैसे भरणं उरू द्या. व्यवहार फसला तर माणूस भरलेल्या फॉर्मवरच परत यावा.

क्यूआर आणि बँक खातं. ज्या फोनवर पान उघडलंय त्याच फोनने त्याच्याच पडद्यावरचा क्यूआर कसा स्कॅन करायचा? क्यूआरखाली यूपीआय आयडी मजकुरात लिहा आणि अ‍ॅप उघडणारी लिंक द्या. खात्याचा तपशील चित्रात असणं हे तर धोक्याचंच. परकीय देणग्यांसाठी एफसीआरए (परकीय देणग्यांच्या कायद्याखालचं) खातं वेगळं असतं आणि दोन्ही खाती एकाच चित्रात शेजारी छापलेली असतात. ऐकणाऱ्याला त्यातलं काहीच कळत नाही. कुणी वाचून दाखवलं आणि परदेशी नागरिकाची देणगी देशांतर्गत खात्यात आली, तर संस्थेला कायद्याचा त्रास होतो. दोन स्वतंत्र शीर्षकं द्या, ‘भारतीय नागरिकांसाठी’ आणि ‘परदेशी नागरिकांसाठी’, खाली खाते क्रमांक इंग्रजी अंकांत, मधे मोकळ्या जागा न सोडता, आणि शेजारी ‘खाते क्रमांक कॉपी करा’ असं पूर्ण नावाचं बटण.

तक्रार: ‘वाचता वाचता मधेच दुसरंच वाक्य घुसतं’

मुखपृष्ठावरचा सरकता स्लायडर. त्याला एरिया-लाइव्ह (‘बदल झाला की लगेच वाच’ अशी खूण) लावलेलं असतं, म्हणून दर ५ सेकंदांनी नवी पाटी वाचली जाते. काढून टाका, चार पाट्यांऐवजी एक स्थिर चित्र आणि खाली तीन लिंक. ठेवायचाच असेल तर थांबवायचं बटण स्लायडरच्या आधी येऊ द्या आणि सुरुवात थांबलेल्या स्थितीत करा. सरकणारी बातमीपट्टीही याच नियमात.

फोकसची चौकट कुरूप दिसते म्हणून सीएसएसमध्ये आउटलाइन नन लिहिलेलं असतं. ती ओळ शोधून काढा. माउस नेल्यावरच उघडणारे मेनू एंटरने उघडले पाहिजेत आणि एस्केपने बंद झाले पाहिजेत.

तक्रार: ‘अक्षरं फिकट आहेत, मात्रा कापल्या जातात’

साध्या मजकुराला पार्श्वभूमीशी ४.५ : १ विरोध (रंगांतला फरक, म्हणजे कॉन्ट्रास्ट) लागतो, मोठ्या अक्षरांना ३ : १. आपल्याकडचा नेहमीचा गुन्हेगार म्हणजे केशरी बटणावर पांढरी अक्षरं. एफएफ९९३३ या रंगसंकेताच्या केशरीवर पांढऱ्याचा विरोध जेमतेम २.१ : १ भरतो, त्यावर काळी अक्षरं घेतली तर तो ९.९ : १ होतो. पांढऱ्यावर ७७७७७७ हा करडा अगदी थोडक्यात नापास होतो, ७६७६७६ पास.

देवनागरीला वर मात्रा आणि खाली उकार असतात, म्हणून ठरावीक उंचीच्या चौकटी तिला सोसत नाहीत. ब्राउझर २०० टक्क्यांवर न्या: बटणातल्या वेलांट्या कापल्या जात असतील तर उंचीऐवजी पॅडिंग द्या आणि ओळींतलं अंतर किमान १.५ ठेवा. इंग्रजी थीममधून आलेलं लेटर-स्पेसिंग शून्य करा, त्याने शिरोरेषा तुटते.

व्हिडिओला मराठी कॅप्शन द्या, म्हणजे बोललेलं खाली अक्षरांत दिसू द्या, आणि आपोआप आलेली कॅप्शन गावांची नावं दुरुस्त केल्याशिवाय ठेवू नका.

तयार ‘सुगम्यता’ बटण लावून भागेल का?

नाही. कोपऱ्यात अक्षरं मोठी करणारं, रंग बदलणारं जे विजेट मिळतं ते जुना फॉन्ट युनिकोड करत नाही, पोस्टरमधली तारीख वाचत नाही आणि डिव्हला रेडिओ बटण बनवत नाही. कित्येकदा ते अंध माणसाच्या स्वतःच्या स्क्रीन रीडरच्या कामात आडवं येतं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२५ मध्ये असं विजेट विकणाऱ्या एका कंपनीला खोट्या दाव्यांबद्दल १० लाख डॉलर भरायला लावले. वर्षाची ती वर्गणी वाचवून स्क्रीन रीडर रोज वापरणाऱ्या दोन माणसांना मानधन देऊन चाचणी करून घ्या. फुकट मागू नका, ते कौशल्याचं काम आहे.

परत बिघडू नये म्हणून

बिघाड होतो तो मजकूर चढवताना, म्हणून कुलूपही तिथेच लावायचं. कार्यालयातल्या ज्या व्यक्तीकडे हे काम आहे तिच्यासाठी ‘शिबिराची सूचना’ असा तयार साचा करून ठेवा, ज्यात तारीख, वेळ, पत्ता, फोन यांच्या जागा आधीच आहेत. वर्डप्रेसच्या थीम डॉट जेसन फाइलमध्ये मनाचे रंग निवडायची सोय बंद करता येते, ती करा. पर्यायी मजकूर भरल्याशिवाय किंवा ‘शोभेचं चित्र’ अशी खूण केल्याशिवाय चित्र प्रसिद्ध होणार नाही अशी अट कोडमध्ये घाला. ठळक केलेली ओळ म्हणजे शीर्षक नव्हे, हे एकदा शेजारी बसून एच दाबून ऐकवा; लेखी सूचनेपेक्षा ते पक्कं बसतं. प्लगइन अद्ययावत झाल्यावर प्रत्येक वेळी देणगीचा रस्ता कीबोर्डने तपासा. तो मोडतो तो बहुधा अशाच दिवशी.

विकासकाशी करारात ‘साइट सुगम्य असेल’ असं मोघम लिहू नका. ‘डब्ल्यूसीएजी २.२, एए पातळी. देणगी, स्वयंसेवक नोंदणी आणि संपर्क हे तीन रस्ते कीबोर्ड, एनव्हीडीए आणि टॉकबॅकवर करून दाखवल्यावर शेवटचा हप्ता’ असं लिहा; डब्ल्यूसीएजी म्हणजे वेब सुगम्यतेचे आंतरराष्ट्रीय निकष. विश्वस्त खर्चाला कुरकुरत असतील तर ३० एप्रिल २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दाखवा. डिजिटल सुविधा मिळणं हा संविधानाच्या कलम २१ खालच्या हक्काचा भाग असल्याचं त्यात म्हटलं आहे.

प्रत्येक पानाच्या तळाशी एक फोन नंबर आणि एक इमेल द्या, आणि फोन उचलणाऱ्याला पाच प्रश्न लिहून द्या: कोणतं पान, फोन की संगणक, कोणता स्क्रीन रीडर, काय करायचं होतं, आणि शेवटचं काय ऐकू आलं. पाचवा प्रश्न कधीही वगळू नका. ते शेवटचं वाक्य स्पीच व्ह्यूअरमध्ये शोधलं की त्याच्या लगेच पुढचा घटक बहुतेक वेळा दोषी निघतो.